डावी बिजागरी

आमच्या घरात आठ महिने 'काळं' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. खोटं वाटेल, पण आई काळ्या छत्रीला 'मोठी छत्री' म्हणायची आणि बाबा काळ्या बुटांना 'कामाचे बूट'. मी तर निबंधात 'काळे ढग' लिहिता लिहिता थांबले आणि 'जड ढग' लिहिलं. बाईंनी त्याखाली लाल शाईनं 'सुंदर!' असा शेरा दिला. आठ महिन्यांत तो शब्द टाळण्याचा झालेला फायदा एवढाच.

गंमत म्हणजे त्याआधी आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरात असलेला शब्द तोच होता. बाबा कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांनी आणि दादानं मिळून एक जुनी गाडी आणली. आणली म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून, अख्ख्या रस्त्याला हसवत, ओढत आणली. घराला लागून जी अडगळीची खोली होती तिची त्या दिवसापासून 'गाडीची खोली' झाली. दर रविवारी दोघं तिथे गाडीचा एकेक भाग सोडवायचे, घासायचे आणि काळा करायचे. नट, बोल्ट, कड्या, बिजागऱ्या, सगळं.

रंग नाही हं. रंगाला बाबा नावं ठेवतात. "रंग म्हणजे वरून घातलेला सदरा. आज आहे, उद्या फाटला. हे काळं म्हणजे कातडी." लोखंड नीट स्वच्छ करून एका निळसर औषधात बुडवलं की त्याच्या अंगावर काळी साय धरते. मग ती साय तेल पिते आणि गंजाला दार बंद होतं. म्हणून घरात दिवसभर चालायचं, "दाराच्या कड्या काळ्या झाल्या का?" "नाही, आज फक्त बोल्ट काळे करू." एकदा शेजारच्या काकू आईला हळूच म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे रोज नक्की कुणाचं तोंड काळं होतं?" आई हसून हसून ओट्याला टेकली होती.

नंतर खरंच झालं. म्हणजे तोंड नाही, शब्द.

त्या रविवारी बॉनेटच्या बिजागऱ्या करायच्या होत्या. उजवी बाबांनी केली, डावी दादानं. दादाची औषधातून बाहेर आली, पाण्यातून काढली, आणि तिच्या रुंद बाजूवर मधोमध एक अंगठा! स्वच्छ केल्यावर लोखंडाला उघडा हात लावायचा नसतो. बोटाचं तेल लागतं आणि तिथे काळं धरत नाही. हा या कामातला पहिला धडा, आणि दादा तो दर चार रविवारांनी विसरायचा. हातमोजे घातले की त्याला म्हणे लोखंड कळत नाही.

"अंगठेबहाद्दर!" बाबा म्हणाले. नेहमी हे हसून म्हणायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

"बॉनेट बंद झालं की कोण बघतंय, बाबा?"

"मी बघतो."

"तुम्ही काय, सगळंच बघता."

एवढ्यावर मिटलं असतं. पण दादाच्या खिशात तेव्हा दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं पत्र होतं, दिवसभर पडद्यासमोर बसायच्या नोकरीचं, आणि ते त्यानं नेमकं त्याच वेळी बाहेर काढलं. मग अंगठा राहिला बाजूला. दादा म्हणाला, त्याला आयुष्यभर तेलात हात घालायचे नाहीत. बाबा म्हणाले, याच तेलातल्या हातांनी तुला वाढवलं. दादा म्हणाला, ते ऐकवायची आता सवयच झालीय तुम्हाला. आणि बाबांनी बिजागरी टेबलावर आपटली आणि म्हणाले, "जा मग! जा, कर कुठे तोंड काळं करायचंय ते!"

मी दारात उभी होते. हातात दोघांचा चहा. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही बोलले.

तिसऱ्या दिवशी दादा गेला. त्याच्या हातमोज्यांची जोडी खुंटीवर तशीच, बोटं फुगलेली.

*

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ माझाच आहे.

दादा मला 'भोंगा' म्हणतो. मी तोंड उघडत नसे म्हणून. वर्गात हजेरीलासुद्धा मी 'उपस्थित' असं म्हणायची की बाई दोनदा वर बघत. दादा म्हणायचा, "हळू गं भोंग्या, भिंती हलतात." पण या वर्षी काय झालं कोण जाणे. एका वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी मला दुसऱ्या मुलीच्या जागी ऐन वेळी ढकललं, मी बोलले, आणि लोक हसायच्या जागी हसले! तेव्हापासून माझा आवाज सापडला तो सापडलाच. आता मी वर्गात बोलते, मैदानात बोलते, मुख्याध्यापकांशीसुद्धा दोन वाक्यं बोलले. खरी भोंगा झाले, आणि ज्यानं नाव ठेवलं तो ऐकायला घरात नाही.

घरात तर बोलायला कुणीच नव्हतं. आई औषधांच्या दुकानात काम करते, संध्याकाळी सातला येते. बाबा साडेसहाला. मी अडीचला. चार तास मी आणि भिंतीवरचं घड्याळ. मी कुलूप उघडून मोठ्यानं "आले!" म्हणायची, आणि मग स्वतःच "ये, ये, हातपाय धू," असं आईच्या आवाजात म्हणायची. पहिल्यांदा हसू आलं. महिनाभरानं यायचं बंद झालं, पण म्हणणं चालूच राहिलं.

दादाचा फोन रविवारी अकरा वाजता आईला यायचा. अकराला पाच कमी असताना बाबांना अचानक नखं कापायची असायची, अंगणात जाऊन. आई फोन माझ्याकडे द्यायची आणि मी सगळ्या आठवड्याचं एका दमात सांगायची. शेवटी विचारायची, "कधी येतोस?"

"त्यांनी जा म्हटलं ना? ये म्हटलं की येईन."

मी अंगणात जाऊन सांगायची, "बाबा, दादा म्हणतोय तुम्ही ये म्हणा."

"मी काय धरून ठेवलंय त्याला? घर त्याचंच आहे."

"मग तेवढंच म्हणा ना फोनवर!"

"ते काय म्हणायचं असतं?" कट्, नख.

एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. आई म्हणायची, "दोघांची नाकं एकाच साच्यातली. तू मध्ये पडू नकोस." पण सुट्टीला तीन आठवडे उरले होते. दादा सुट्टीलाही आला नाही तर मग तो पाहुणा होणार, मला पक्कं माहीत होतं. मैत्रिणीचा मोठा भाऊ असाच वर्षभर आला नाही, आणि आला तेव्हा त्यानं विचारलं, "पेले कुठे ठेवता?" तेव्हा मी पडायचं ठरवलं. मध्येच.

बेत असा. गाडीचं बॉनेट बसवण्यापुरतं उरलेलं काम मी एकटीनं करायचं. सगळं काळं करून टेबलावर मांडायचं, फोटो काढून दादाला पाठवायचा. बॉनेट एकट्यानं बसत नाही, दोघं लागतात, हे त्याला माहीत आहे. बघूया कसा राहतो तिकडे!

*

गाडीच्या खोलीत भिंतीवर खडूनं दादाच्या अक्षरात यादी होती. जवळजवळ सगळ्यासमोर बरोबरची खूण. बॉनेटच्या खाली दोनच ओळी मोकळ्या होत्या: 'बोल्ट, आठ' आणि 'डावी बिजागरी'.

मी दार-खिडकी सताड उघडी ठेवली, डोळ्यांना चष्मा लावला, आईच्या दुकानातले निळे हातमोजे घातले. ते औषध विषारी असतं, त्याच्याशी चेष्टा नाही. आणि मग मी बोलत बोलत काम सुरू केलं, क्रिकेटच्या सामन्यासारखं. "आणि आता खेळाडू तारेचा ब्रश हातात घेतेय! बोल्टवरचा गंज निघतोय, निघतोय..." ऐकायला फक्त गाडी. तिला बॉनेट नव्हतं, त्यामुळे ती तोंड वासून ऐकतेय असं वाटायचं.

पहिला दिवस फुकट गेला. बोल्ट औषधातून निघाले ते चितकबरे, मांजराच्या पिल्लासारखे. मग मला बाबांचं वाक्य आठवलं: "पाणी फुटतंय का बघ." तेलकट लोखंडावर पाणी टाकलं तर ते थेंबाथेंबात फुटतं. खरंच स्वच्छ असेल तर अखंड चादरीसारखं पसरतं. दुसऱ्या दिवशी मी बोल्ट साबणाच्या गरम पाण्यात घासले, व्हिनेगरमध्ये ठेवले, परत घासले, धुतले. पाणी फुटलं. परत. फुटलं. चौथ्यांदा पाणी पसरलं आणि मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय गं, काय झालं?"

"पाणी फुटलं नाही, काकू!"

"बरं बाई," काकू म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

आठवड्याभरात आठही बोल्ट झाले. गडद, मऊ, एकसारखे. सांगायला कुणी नव्हतं म्हणून मी ते ओळीत उभे केले आणि त्यांचीच हजेरी घेतली.

उरली डावी बिजागरी. ती मिळेना. टेबलाखाली नाही, खोक्यात नाही. शेवटी वरच्या फळीवर, तेलाच्या कॅनच्या मागे, एका पत्र्याच्या डब्यात मिळाली, बाबांच्या जुन्या बनियनच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली. उघडली, आणि मधोमध दादाचा अंगठा! काळ्यावर चंदेरी, एकेक रेघ मोजून घ्यावी इतका स्पष्ट. मी माझा अंगठा त्यावर धरून पाहिला. सगळीकडून दादाचा मोठा.

"अंगठेबहाद्दर!" मी बाबांच्या आवाजात म्हणाले. मला वाटलं, बाबांनी रागानं ही डोळ्यांसमोरून दूर टाकून दिलीय. या एका अंगठ्यापायी सगळं झालं. मी हा अंगठाच काढून टाकला, तर भांडायला उरलं काय?

मी बिजागरी व्हिनेगरमध्ये ठेवली. बारीक बुडबुडे आले, काजळी सुटायला लागली. ब्रशनं घासली. मजा बघा, अंगठा पुसला गेलाच नाही. तो होता तसाच चकचकीत होता. त्याच्याभोवतीचं काळं गेलं, सगळंच त्याच्यासारखं झालं, आणि मग तो कुठे होता तेच सांगता येईना.

धुतली. पाणी पसरलं. औषधात बुडवली, काढली, परत धुतली, तेलात ठेवली. संध्याकाळपर्यंत ती तारेला टांगलेली होती, उजवीपेक्षाही सरस. भिंतीवर मी बरोबरची खूण केली. दादाच्या खुणांपेक्षा मोठी.

*

बाबा आले तेव्हा मी फाटकातच उभी होते. "डोळे मिटून चला!"

"डबा तरी ठेवू दे गं."

"नाही, असेच!"

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. त्यांनी डोळे उघडले. बोल्टांची रांग पाहिली, एक उचलला, उजेडात फिरवला. "कुणी केलं?"

"मी!"

"पाणी फुटलं नाही?"

"तीनदा फुटलं. चौथ्यांदा नाही."

"मला चौथ्या वर्षी जमलं होतं," बाबा म्हणाले. मला वाटलं, आता मी छताला लागणार. मग त्यांनी तारेकडे पाहिलं. मग वरच्या फळीकडे. तेलाचा कॅन पुढे ओढलेला, डबा उघडा, बनियनचा तुकडा टेबलावर.

"ही डब्यातली?"

"हो! दादानं बिघडवली होती ना, मी साफ करून नवी केली. एक डाग नाही. बघा तरी."

बाबांनी बिजागरी उतरवली. उजेडाकडे धरली, तिरकी केली, परत तिरकी केली. हरवलेलं काही शोधताना माणूस करतो तसं. "चांगली झालीय," ते म्हणाले. "अगदी चांगली झालीय." आणि पालथ्या बादलीवर बसले.

आणि तेव्हा, सगळं झाल्यावर, माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या गोष्टीचं मला दुपारी नवल वाटायला हवं होतं ती गोष्ट अशी: उघडं लोखंड आठ महिने चकचकीत कसं राहील? काळं न धरलेली जागा हवेत दोन-चार दिवसांत तांबूस होते. अंगठ्याची एक रेघही गंजली नव्हती. म्हणजे कुणीतरी त्याला तेल लावत होतं. बाबा रोज सकाळी कामावर जायच्या आधी 'सायकलची हवा बघून येतो' म्हणून या खोलीत यायचे. आठ महिन्यांत सायकलची हवा एकदाही गेली नव्हती. आणि रोज पोळी खाताना त्यांच्या हाताला तेलाचा वास यायचा, तो मी कारखान्याचा समजत होते.

"बाबा, तुम्ही..."

"असू दे."

"पण तुम्हीच ओरडला होतात ना त्यावरून!"

"हो," बाबा म्हणाले. "म्हणून तर."

माझा भोंगा बंद पडला. मी बादलीशेजारी फरशीवर बसले. बाबांनी बिजागरी मांडीवर ठेवली होती आणि त्यांचा अंगठा तिच्यावरून फिरत होता, मधोमध, जिथे आता काहीच नव्हतं. आई आली, दारातून आमच्याकडे पाहिलं, टेबलावरचा बनियनचा तुकडा पाहिला, आणि काही न विचारता आत गेली. तिलाही माहीत होतं. घरात फक्त मलाच माहीत नव्हतं, आणि सगळ्यात जास्त बोलणारी मीच.

*

सकाळी मी शाळेला निघाले तर गाडीच्या खोलीचं दार उघडं. बाबा कामावर गेले नव्हते. हातमोजे घालून उभे. समोर व्हिनेगरच्या भांड्यात माझी बिजागरी, काजळी सोडत. मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात उभी राहिले. त्यांनी ती घासली, धुतली, पाणी टाकलं. पसरलं. पुसून तारेला टांगली. नागडी, पांढरी.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही."

"औषधात नाही बुडवायची?"

"तू नाही. मी नाही." बाबांनी हातमोजे काढले. बोटं एकेक करून, फार वेळ लावून. "तुझ्या त्या फोनवरून त्याला कळव."

"काय कळवू?"

बाबा तारेकडे बघत राहिले. मग आठ महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले, "कळव, काळं करायला ये म्हणावं."

आणि माझ्या तोंडून निसटलं, देवाशपथ निसटलं, "तोंड?"

एक क्षण वाटलं, संपलं, आता मलाही घर सोडावं लागणार. बाबांचा चेहरा वाकडा झाला, खांदे हलले, आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बिजागरी गं, भोंग्या! बिजागरी!"

मी शब्द न् शब्द तसाच लिहिला. 'बाबा म्हणतायत, काळं करायला ये. (तोंड नाही. डावी बिजागरी.)' खाली टांगलेल्या बिजागरीचा फोटो.

दादानं वाचलं. तशी खूण दिसली. उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आता एक अडचण होती. नागडं लोखंड माणसासाठी थांबत नाही. संध्याकाळी बघावं तर कडेनं अगदी पुसट तांबूस धूळ. तेल लावून ठेवली असती तर टिकली असती, पण बाबांनी लावलं नाही आणि मी विचारलं नाही. मी रोज दुपारी शाळेतून येऊन, "आले!" न म्हणता, हातमोजे घालून ती उतरवायची, घासायची, धुवायची, पाणी टाकून बघायची, परत टांगायची. सकाळी बाबा तेच करायचे. सायकलचं नाव न घेता. आईनं न सांगता दुकानातून हातमोज्यांचं नवं खोकं आणलं. सामन्याचं समालोचनही मला सुचेना.

रविवार आला. अकराला पाच कमी असताना बाबांनी नखं कापली नाहीत. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले, फोनपासून दोन हातांवर, वर्तमानपत्र उघडून. अकरा वाजले. सव्वाअकरा. वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. आई एकच पातेलं तिसऱ्यांदा पुसत होती. बारा वाजता बाबा उठले, म्हणाले, "त्याला काम असेल," आणि मोरीशी जाऊन हात धुवायला लागले. हात स्वच्छच होते.

मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, आणि माझ्याजवळ आता केवढा मोठा आवाज आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही, असं वाटत होतं. तेवढ्यात टेबलावर माझा फोन थरथरला.

मी वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, पाण्याच्या आवाजावरून ऐकू जाईल असं.

"दादा विचारतोय, हातमोजे आणू का."

बाबांनी नळ बंद केला. वळले नाहीत.

"सांग," ते म्हणाले, "नकोत."